सर्राच्या परजीवीची जनुके म्हशीच्या रक्तातून वेगळी कशी ओळखतात?

दापोलीकडील आपल्या गोठ्यातल्या म्हशीला सर्रा हा रक्तातील परजीवीमुळे होणारा रोग झाला आणि रक्ततपासणीत परजीवी दिसला. पण म्हशीच्या स्वतःच्या जनुकांच्या गर्दीतून त्याची जनुके शास्त्रज्ञ कशी निवडतात, असे आपण विचारले आहे.

हा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा एकपेशीय जीव. ग्रिफिथ इव्हान्स या ब्रिटिश पशुवैद्यांनी तो १८८० मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिला. पावसाळ्यात आपल्याकडे गुरांना हैराण करणाऱ्या टॅबॅनस माश्या त्याचा प्रसार करतात. हिवतापाच्या परजीवीप्रमाणे तो तांबड्या पेशींत शिरत नाही, त्यांच्यामधून पोहत राहतो. म्हणून डीईएई सेल्युलोज या धनभारित पदार्थाच्या स्तंभातून रक्त सोडले की अधिक ऋणभारित रक्तपेशी वर चिकटून राहतात आणि परजीवी खाली उतरतो.

खरी गंमत पुढेच आहे. या कुळातील परजीवी आपल्या प्रत्येक संदेशवाहक आरएनएच्या (जनुकाचा संदेश वाहून नेणाऱ्या प्रतीच्या) आरंभी ३९ अक्षरांचा एकच ठरावीक तुकडा जोडतात, आणि म्हशीच्या आरएनएवर तो नसतो. त्यामुळे त्या तुकड्याला जुळणारा प्रायमर (प्रत काढण्याची सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरून प्रती काढल्या की उरलेसुरले म्हशीचे संदेश बहुतांशी गळून पडतात. मिळालेले क्रम ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई या जवळच्या नातलगाच्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीनोमशी, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचाशी, ताडतात. कशाशीच न जुळणाऱ्या क्रमाला लगेच ‘नवे जनुक’ म्हणणे मात्र मला घाईचे वाटते, कारण तो वाचनातील दोषही असू शकतो.

रोटॅट १.२ हे परजीवीच्या आवरण-प्रथिनाचे जनुक पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून ओळखण्याची चाचणी) निदानासाठी वापरतात, परंतु ते जनुक नसलेले या परजीवीचे प्रकारही केनियात आढळले आहेत.