टिकल्यांचा ब्लाउज आणि नागपूरचा कूलर

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात आजी फौजी दिलखुश सभेच्या पथकातून सैनिकांपुढे गायची. तिची जॉर्जेटची साडी आणि जरी-टिकल्यांचा रेशमी ब्लाउज पत्र्याच्या ट्रंकेत आहे. जरी काळवंडली, टिकल्या एकमेकींना चिकटल्या. ड्रायक्लीनिंगला द्यावा का? माझ्या लेकीला गॅदरिंगमध्ये घालायचा आहे.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ड्रायक्लीनिंगला मुळीच देऊ नका. त्या काळी जिलेटिनच्या टिकल्या वापरात होत्या. त्या पाण्यात विरघळतात, वाफेने आणि इस्त्रीने मऊ पडतात. सुटी पडलेली एक टिकली घ्या आणि ओल्या कापसाने मागून दहा सेकंद दाबा. बोटाला चिकटली तर जिलेटिन समजा. चिकटली नाही आणि कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची असू शकते. अशी टिकली झपकन पेट घेते, म्हणून तापलेल्या सुईने तपासण्याचा प्रकार नकोच. आंबूस वास येत असेल तर प्लास्टिक कुजू लागलं आहे. त्यातून निघणारं आम्ल रेशीम खातं, म्हणून ब्लाउज साडीपासून वेगळा ठेवा, पण हवाबंद डब्यात नको.

ट्रंक कूलरच्या खोलीत आहे का? मेमध्ये बाहेर ठणठणीत कोरडं असतं, आत मात्र खसच्या ताट्या दमटपणा भरतात. लगेच पावसाळा लागतो, म्हणजे टिकल्यांना सुकायला उसंतच नाही. ट्रंक त्या खोलीतून हलवा. चिकटलेल्या टिकल्या ओढून सोडवू नका.

जरीचा काळेपणा हा चांदीवर गंधकाचा थर. चिंच, टूथपेस्ट, सोडा यांनी घासलं की चांदीचा पातळ मुलामा निघून खालचं तांबं दिसू लागतं, आणि ते परत झाकता येत नाही. काळी जरी तशीच शोभते, असं आमचं मत. धूळ मऊ ब्रशने, कापडाला न रगडता झटका. काखेतले घामाचे डागही धुऊ नका. तिथलं रेशीम आधीच कुजलेलं असतं.

मांजरपाट नीळ-खळ न घालता दोनदा धुऊन घ्या. आठ-दहा सेंटीमीटर जाडीच्या नळीवर तो गुंडाळा आणि वर साडी सैल गुंडाळा. ब्लाउजच्या बाह्यांत मांजरपाटाच्या वळकट्या भरून तो आडवाच ठेवा, कारण टांगला तर टिकल्यांच्या वजनाने खांदे फाटतात. वर्तमानपत्र आणि कडुनिंबाचा पाला टाळा. डांबरगोळ्यांनी प्लास्टिकच्या टिकल्या मऊ होतात. कसर लागली का ते दर दोन महिन्यांनी पाहा. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की तासभर सावलीत पसरा.

लेकीच्या अंगावर हा ब्लाउज एक कार्यक्रमही टिकणार नाही. तसाच नवा शिवा. जुना सपाट ठेवून पाठ, खांदा आणि बाहीची मापं उतरवा, ताणू नका. नक्षी कागद दाबून छापण्याऐवजी फोटोवरून काढा आणि नव्यावर आजच्या पॉलिएस्टरच्या टिकल्या लावा.