टिकीट हिरवं, मामा लाल

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण हे अंगठ्याने टाईप करून सांगण्यासारखं नव्हतं म्हणून सकाळी चहा घेऊन लॅपटॉपवर बसलोय. आयटीआयएल म्हणजे आयटी सेवा कशी चालवायची याची चौकट, तिच्या फाउंडेशन परीक्षेला 40 पैकी 26 लागतात, तू आरामात निघालीस, मस्त. आणि वर विचारतेस, सर व्याख्या पाठ आहे पण व्हॅल्यू म्हणजे नक्की काय ते डोक्यात बसलं नाही. मला तर हे कळायला सहा-सात वर्षं लागली, आणि तीपण फजिती झाल्यावर.

आधी तुझ्या घरातलं बघ. आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे काय तुला सांगायला नको. येतं तेव्हा पाणी पाणीच असतं, त्याने तहान भागते, धुणं होतं, ही झाली युटिलिटी. पण येणार कधी, सगळ्यांना पुरणार का, गढूळ तर नाही ना, लाईन फुटली तर परत सुरू कधी होणार, ही सगळी वॉरंटी. तुझी आई पहाटे अलार्म लावून उठते, मोटर लावते, गच्चीवरची टाकी भरते, बाथरूममधले बॅरल वेगळे, हा सगळा खर्च नि जागरण वॉरंटी नाही म्हणून आहे, पाणी नाही म्हणून नाही. आयटीआयएलच्या 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत व्हॅल्यूचं गणित या दोन्हीवर मांडलेलं, आणि एक जरी लंगडं असलं तरी गाडी अडते.

आता माझी फजिती. तेव्हा मी एका छोट्या सपोर्ट कंपनीत होतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम आमच्याकडे होतं, माल एक्स्पोर्टचा. एके दिवशी दुपारी दोनला टिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, आलं, ‘प्रिंटर चालत नाही’. प्रिंटर म्हणजे प्रायॉरिटी तीन, आठ तासांची मुदत, मी आरामात जेवून आलो, चार टिकिटं उरकली नि साडेसहाला रिमोटने ड्रायव्हर टाकून दिला. साडेचार तासात बंद! एसएलए, म्हणजे किती वेळात काम करून देऊ याचा करार, हिरवागार. संध्याकाळी तिथल्या डिस्पॅचच्या मामांचा फोन, आवाज चढलेला, म्हणाले, ‘ओ साहेब, तुमचं टिकीट घालू का कंटेनरमध्ये?’ तो साधा प्रिंटर नव्हताच, खोक्यांवर बारकोडचं लेबल चिकटवायचा प्रिंटर होता, लेबलाशिवाय बाहेरचा बायर माल घेत नाही, ट्रक गेटवर उभा, आणि न्हावा शेवाला माल आत घ्यायची वेळ ठरलेली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर लेबलं नसलेली खोकी भिंतीला छातीभर उंच लावलेली, बायका स्टुलावर बसून एकेक लेबल लावतायत, आणि मामा माझ्याकडे बघेनात. जहाज चुकलं.

आमच्या धंद्यात याला कलिंगड म्हणतात, वरून हिरवं आतून लाल. मी आउटपुट दिलं होतं, प्रिंटर चालू. त्यांना हवं होतं आउटकम, माल वेळेत बंदरावर. खरंतर मला राग माझा नाही आला, त्या टिकिटाच्या फॉर्मचा आला, त्यात ‘कधीपर्यंत हवंय आणि का’ हे लिहायला जागाच नव्हती, मामा तरी सांगणार कुठे. ती एक ओळ टाकून घ्यायला मला तीन मीटिंगा लागल्या बघ. 2019 ला चौथी आवृत्ती आली नि त्यात लिहिलं की व्हॅल्यू सर्व्हिस देणारा आणि घेणारा मिळून तयार करतात, तेव्हा मला आधी मामाच आठवले.

त्याच आवृत्तीतली व्हॅल्यूची व्याख्या तू पाठ केलीस, जाणवणारा फायदा, उपयोग, महत्त्व. सगळे फायद्यावर अडकतात, मला विचारशील तर ‘जाणवणारा’ हा शब्द खरा. जाणवणार कुणाला? मामांना, तुझ्या डॅशबोर्डला नाही. आता 99.9 टक्के अपटाइम, म्हणजे सिस्टीम चालू राहण्याचा वेळ, घे, ऐकायला भारी वाटतं, 30 दिवसांच्या महिन्यात बंद राहायला फक्त 43 मिनिटं मिळतात. पण ती 43 मिनिटं रविवारी पहाटे गेली तर कुणाला पत्ता नाही, आणि पगाराच्या दिवशी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर तेवढा वेळ बसलं तर अख्खा कारखाना तुझ्या नावाने शंख करेल. टक्का तोच.

अजून एक, सर्व्हिस म्हणजे समोरच्याचा काही खर्च, काही धोका आपण उचलायचा, पण उचलताना दुसरा नवीन लादतो हे लोक विसरतात. त्याच कारखान्याचा सर्व्हर आम्ही नंतर क्लाउडवर नेला, एसी-यूपीएसची कटकट गेली, मालक खूश, पण नेट गेलं की गेटपास निघेना. मग दुसरी लाईन घ्यावी लागली, ते बिल कुणी भरायचं यावर वेगळं भांडण.

येत्या शनिवारी सुट्टी असेल तर ये. त्या कारखान्यात अजून ओळख आहे, पॅकिंगला घेऊन जातो, तासभर नुसतं उभं राहून बघ कोण कशासाठी थांबलंय ते. मामा आता रिटायर झालेत पण दुपारी चहाला तिथेच असतात. येताना आईच्या हातची शेंगा चटणी आण थोडी, बाहेरची खाऊन कंटाळलोय.

तुझा,
सर