बालकल्याणवाले मुलाला घेऊन जातील का?

प्रश्न: ताई, मुलगा १५ वर्षांचा आहे, शाळेला दांड्या मारतो, रात्र रात्र बाहेर असतो, परवा मोबाईल काढून घेतला तर लाथ मारून दाराची कडीच उखडली. सर म्हणतात बालकल्याण सेवेची मदत घ्या. पण ते त्याला घेऊनच गेले तर?

उत्तर: अहो, ही भीती जवळजवळ प्रत्येक आईला असते, पण मदत मागितली म्हणजे पोरगं गेलं असं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ९ वं कलमच सांगतं की मुलाच्या हितासाठी गरजेचं असेल तेव्हाच त्याला आईवडिलांपासून वेगळं करायचं, आणि १२ वं कलम म्हणतं त्याचंही म्हणणं ऐकायचं. म्हणजे समाजसेविका त्याच्याशी एकट्याशी बोलायला मागेल, तेव्हा दाराला कान लावू नका हं!

काही ठिकाणी मल्टिसिस्टेमिक थेरपी, म्हणजे घर, शाळा, मित्र सगळं धरून मुलाच्या वागण्यावर काम करणारी पद्धत मिळते, त्यात थेरपिस्ट घरीच येतो, साधारण ३ ते ५ महिने, आणि खरं सांगू का, जास्त काम तो आईबाबांवरच करतो, मोबाईल कधी काढायचा, कोण बोलणार, दुसरा मध्ये पडणार नाही हे आधी ठरवायचं, कारण बाबा ओरडतात आणि आई गुपचूप मोबाईल परत देते हे पोरांना बरोबर कळतं.

पहिल्या भेटीला जाताना दांड्यांच्या तारखा, भांडण कशावरून पेटलं ते लिहून न्या. कडीचंही सांगा, लपवू नका. आणि तो कधी स्वतःला संपवायची भाषा बोलला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.