पिसाचा मनोरा : झुलता, झुकता की कलता?

प्रश्न असा आहे : ‘पिसाचा झुलता मनोरा’ हे शाळेपासून कानावर पडलेलं. पुढे कुठे ‘झुकता’ वाचलं, कुठे ‘कलता’. यातलं बरोबर कोणतं? आणि कुतुबमिनारासारखा पिसाचा ‘मिनार’ का नाही?

‘झुलता’ चूक आहे. झुलणं म्हणजे हेलकावे घेणं. पाळणा झुलतो, दारात हत्ती झुलतात, दरीवरचा पूल झुलता असतो. पिसाचा मनोरा शतकानुशतकं दक्षिणेकडे रेललेला आहे. तो परत उत्तरेकडे येत नाही, मग झुलेल कसा?

तरीही ही चूक एवढी पक्की का बसली? माझा तर्क असा की ‘झुलते मनोरे’ हे नाव आपल्याकडे आधीपासून होतं, तेही खरोखर हलणाऱ्या मनोऱ्यांसाठी. जळगाव जिल्ह्यातल्या फरकांड्याचे मनोरे त्यासाठीच प्रसिद्ध. एकावर चढून तो हलवला की शेजारचाही हलायचा. त्यातला एक आता पडला आहे. अहमदाबादेत सीदी बशीर मशिदीच्या मनोऱ्यांचीही तीच ख्याती : एकाला वरून हिसका दिला की काही क्षणांत दुसरा थरथरतो, आणि दोघांना जोडणारा मधला भाग मात्र स्थिर राहतो. इराणात इस्फहानलाही अशी जोडी आहे, तिचं फारसी नावच ‘हलते मनोरे’ अशा अर्थाचं. तयार नाव हाताशी होतं, ‘झुकता’ आणि ‘झुलता’ यांत एका अक्षराचा फरक, त्यामुळे ते पिसाला चिकटलं असावं.

आता ‘झुकता’ आणि ‘कलता’. फळांनी फांदी झुकते, मान झुकते : बूड जागेवर राहतं आणि वरचा भाग खाली येतो. कलणं वेगळं. होडी कलते, भिंत कलते, तेव्हा सगळी वस्तूच बुडापासून एका अंगाला जाते. पिसाचं नेमकं हेच झालं. 1173 मध्ये काम सुरू झालं. पाया जेमतेम तीन मीटर खोल, खाली मऊ चिकणमाती आणि वाळू. तिसरा मजला होईपर्यंत जमीन एका बाजूला दबायला लागली. मग पिसा लढायांत गुंतलं आणि बांधकाम जवळजवळ शंभर वर्षं थांबलं. हा खंड पडला म्हणूनच मनोरा वाचला, कारण तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली. सलग बांधला असता तर बहुधा तेव्हाच कोसळला असता. दोष पायात आहे, शेंड्यात नाही, म्हणून माझं मत ‘कलता’ला. ‘झुकता’ रूढ आहे, त्याला चूक म्हणणार नाही, पण ‘कलता’मध्ये त्या इमारतीचं दुखणं अचूक पकडलं जातं.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. 1272 मध्ये काम पुन्हा सुरू झाल्यावर गवंड्यांनी कल सावरायला वरच्या मजल्यांची एक बाजू दुसरीपेक्षा उंच ठेवली. त्यामुळे मनोरा सरळ रेषेत कललेला नाही, मध्ये किंचित वाकलेलाही आहे. कोणी ‘वाकडा मनोरा’ म्हणालं तर तेही खोटं नाही! पुढे 1990 मध्ये तो लोकांसाठी बंद केला गेला. उत्तरेकडच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून साडेपाच अंशांचा कल चारच्या आसपास आणला आणि 2001 मध्ये तो पुन्हा उघडला. पूर्ण सरळ करायचा कोणाचाच विचार नव्हता.

‘मिनार’बद्दल थोडक्यात. ‘मिनार’ आणि ‘मनोरा’ एकाच घरातले. मूळ अरबी ‘मनारा’, म्हणजे उजेडाची जागा. आपल्याकडे ‘मिनार’ विशेषनामांत टिकला : कुतुबमिनार, चारमिनार, दौलताबादचा चांदमिनार. ‘मनोरा’ मात्र पुरता मराठी झाला. दहीहंडीला माणसांचे मनोरे लागतात, स्वप्नांचे रचले जातात. एकावर एक थर ही कल्पना त्यात आपोआप येते. म्हणून परक्या गावच्या उंच इमारतीसाठी तोच सहज सुचतो, आणि पिसाच्या इमारतीला तर तो शोभतोही : ते मुळात शेजारच्या कॅथेड्रलचं घंटाघर, खांबांच्या ओळींची वर्तुळं एकावर एक चढवलेलं, आणि सगळ्यात वरच्या थरात सात घंटा.