खिडकीचे पल्ले बाहेर उघडावेत की आत?

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळ आमच्या रो-हाऊसचं काम चालू आहे. पश्चिमेकडच्या बेडरूमला पाच फूट रुंद, चार फूट उंच खिडकी आहे. केसमेंट (बाजूला बिजागरी असलेली, दारासारखी उघडणारी) हवी, पण ग्रिल आणि डासांची जाळीही लागणारच. ठेकेदार म्हणतात, कटकट नको, स्लायडिंग घ्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावरही खिडकी आहे. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बेडरूमला केसमेंटच घ्या, पल्ले बाहेर उघडणारे. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. तो बंद पल्ल्याला चौकटीच्या रबरी गॅस्केटवर आणखी दाबतो आणि पाणी बाहेरच राहतं. आत उघडणाऱ्या पल्ल्याला तोच वारा गॅस्केटपासून सुटा करतो. दोन ट्रॅकची स्लायडिंग अर्धीच उघडते. शिवाय ट्रॅकमधली पाणी जायची भोकं धुळीने बुजली की पाणी घरात उतरतं.

ग्रिलची अडचण मात्र खरी आहे, आणि ती पल्ल्याच्या रुंदीतून येते. दोनच पल्ले केले तर प्रत्येक अडीच फुटांचा होतो. पूर्ण उघडल्यावर त्याचं हँडल ग्रिलमधून हाताला लागत नाही, बिजागरीवर भारही जास्त येतो. म्हणून तीन भाग करा : मध्ये पक्की काच, दोन्ही कडांना साधारण वीस इंचांचे पल्ले. बाहेरून आत क्रम पल्ला, ग्रिल, जाळी असा. जाळी उघडणारी किंवा गुंडाळणारी हवी. पक्की ठोकली तर पल्ल्यापर्यंत हातच पोचणार नाही. हँडल फिरायला ग्रिल दोन-अडीच इंच आत घ्या आणि हँडलसमोर हात जाईल एवढी, चारेक इंचांची फट ठेवा. ग्रिलवाल्याला हँडलची उंची आधीच सांगा, हे नेहमी राहून जातं.

फ्रिक्शन स्टे (पल्ला चौकटीला जोडणाऱ्या आणि हवा तिथे थांबवणाऱ्या पट्ट्या) ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची खिडकी घेणार असाल तर त्यांचे स्क्रू आतल्या लोखंडी पट्टीत बसलेत का ते पाहा. नुसत्या प्लास्टिकमध्ये ते सैल होतात, पल्ला झुकतो आणि खालचा कोपरा चौकटीला घासायला लागतो.

ओट्यावर वरून बिजागरी असलेला, खालून बाहेर ढकलायचा पल्ला बसवा. दोन फूट ओट्यापलीकडे खालचं हँडल सहज हाती येतं, रिमझिम पावसातही फट उघडी ठेवता येते. खिडकीबाहेर येण्याजाण्याची वाट असेल आणि पल्ला डोक्याच्या उंचीवर येत असेल, तर तिथे स्लायडिंगच बरी.

माप गिलाव्यानंतर घ्या : रुंदी-उंची तीन-तीन ठिकाणी, शिवाय दोन्ही कर्ण. कर्णांत पाव इंचापेक्षा जास्त फरक निघाला, तर ऑर्डर देण्याआधी गवंड्याकडून तो काढून घ्या.