सुगंधाला शवासनापर्यंत थांबू दे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वर्गात सुगंधी तेलं आणायचा तुझा विचार मला आवडला, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की ताई नकोच म्हणतायत. माझं म्हणणं एवढंच आहे की सुगंधाला शवासनापर्यंत थांबू दे. आसनं होऊ देत, प्राणायाम होऊ दे, सगळे आडवे झाले की मग त्याची पाळी.

तू लिहिलं आहेस की वर्ग भरायच्या आधीच डिफ्यूझर, म्हणजे खोलीभर वास पसरवणारं यंत्र, लावायचा, त्यात निलगिरी आणि पेपरमिंट घालायचं, म्हणजे भस्त्रिकेला, त्या भात्यासारख्या जोरदार श्वासांना, नाक मोकळं मिळेल. माझं तिथेच अडतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ लिटर हवा आत घेतो. भस्त्रिकेत हे प्रमाण कितीतरी वाढतं आणि हवेत जे काही सोडलेलं असेल तेही त्याच प्रमाणात आत जातं. बाटलीवर लिहिलेले चार-पाच थेंब हे शांत बसलेल्या माणसाच्या हिशेबाने लिहिलेले असतात. जोरजोरात श्वास घेणाऱ्या, दारं लावून बसलेल्या वीसजणांचा विचार त्यात नसतो.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. पेपरमिंटमधला मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चेतवतो, म्हणून नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. मोजून पाहिलं तर हवेच्या वाटेतला अडथळा होता तेवढाच असतो. म्हणजे चोंदलेलं नाक चोंदलेलंच राहतं, फक्त माणसाला ते कळेनासं होतं. अनुलोम-विलोम शिकवताना आपण पहिल्यांदा काय विचारतो? आत्ता कोणती नाकपुडी जास्त चालते आहे? दर काही तासांनी ही बाजू आपोआप बदलते. ती ओळखता येणं हाच अभ्यासाचा पहिला धडा आहे, आणि मेंथॉल नेमकी तीच खूण पुसून टाकतो. सर्दीने नाक बंद असेल त्याला त्या दिवशी प्राणायाम देऊ नकोस, एवढं साधं आहे ते.

वर्गात दम्याचे लोक असणारच. तीव्र वासाने त्यांच्या श्वासनलिका आवळू शकतात. अर्धशिशीचं दुखणं कित्येकांना वासानेच सुरू होतं. आणि निलगिरीबद्दल खास सांगते, कारण आपल्याकडे ते घरगुती, निरुपद्रवी समजलं जातं. निलगिरी आणि कापूर यांच्या तेलांनी, बामांनी फिट आल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. ज्याला अपस्माराचा त्रास आहे किंवा कधी होता, त्याच्या आसपास ही दोन्ही नकोत. लहान मुलांच्या वर्गात तर मुळीच नकोत.

तू परंपरेचा दाखला दिलास, धूप-चंदन आपल्याकडे पूर्वापार आहेच असा. देवघरात आहे, खरं. पण योगसूत्रांवरचं व्यासभाष्य उघड. पहिल्या पादातल्या पस्तिसाव्या सूत्राखाली भाष्यकार सांगतात की नासिकाग्रावर धारणा करणाऱ्याला दिव्य गंधाची जाणीव होते आणि अशा अनुभवाने मन स्थिर व्हायला मदत होते. तिथे बाहेर काहीच जाळलेलं, शिंपडलेलं नाही. नाकाच्या टोकाशी लक्ष ठेवून बसलेल्या माणसाला आतून येणारा तो अनुभव आहे. तो सर्वांना येईलच असं मी म्हणणार नाही. पण ज्या जागेवर लक्ष ठेवायला आपण विद्यार्थ्याला सांगतो, तीच जागा आधी लव्हेंडरने भरून टाकायची, हे मला पटत नाही. प्राणायामाच्या वेळी हवा निव्वळ हवाच असावी.

आता शवासन. इथे मात्र तुझी कल्पना मला मनापासून हवीशी वाटते. वासाचा मेंदूकडे जाणारा रस्ता इतर इंद्रियांपेक्षा थेट आहे. भावना आणि स्मृती जिथे सांभाळल्या जातात त्या भागांशी त्याची जवळची जोडणी असते. शरीर सैल पडलेलं असताना रोज एकच मंद वास येत राहिला, तर काही आठवड्यांत त्या वासाची आणि त्या सैलपणाची गाठ बसते. मग तीच गाठ रात्री घरी उपयोगी पडते. झोप न लागणाऱ्या, दिवसभराचा ताण घेऊन येणाऱ्या माणसाला उशीजवळ तोच वास ठेवून श्वास लांबवता येतो. म्हणून आज लव्हेंडर, उद्या संत्रं, परवा चंदन असं करू नकोस. एकच वास निवड आणि महिनोन्‌महिने तोच ठेव.

डिफ्यूझर बाजूला ठेव. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाक, ज्याला हवा त्याच्या चटईपासून हातभर अंतरावर वाटीत ठेव. ज्याला नको त्याच्यापाशी वाटीच जाऊ नये आणि त्याला कारणही विचारू नये. खोलीभर सोडलेला वास नको असलेल्या माणसाला सोसावाच लागतो, बोळा उचलून बाहेर नेता येतो. हा फरक मोठा आहे.

आणि वास किती झाला हे तू स्वतः ठरवू नकोस. नाकाला वासाची लवकर सवय होते; थोड्याच वेळात तो जाणवेनासा होतो. शिकवणारा खोलीत सर्वांत आधी येतो, सर्वांत जास्त वेळ बसतो, त्यामुळे त्यालाच सर्वांत कमी कळतं. मग तो म्हणतो, उडालं वाटतं, अजून दोन थेंब टाकू. बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचार. दारातच वास जाणवला असं तो म्हणाला तर तो जास्त झाला.

अंगाला लावायचं असेल तर तीळतेलात किंवा बदामतेलात मिसळूनच. ५ मिलीलिटर तेलाला एक थेंब, म्हणजे साधारण एक टक्का. मनगटावर पुरे. तळहातांना, तळपायांना नको. चटईवर पाय घसरला तर वासाचं कौतुक तिथेच संपेल. गच्चीवर सकाळी वर्ग घेतोस, तेव्हा लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं फळ) यांची तेलं त्वचेवर अजिबात नकोत. सालीतून दाबून काढलेल्या या तेलांतल्या काही घटकांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, डाग पडतात.

एक गोंधळ मात्र विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढून टाकशील. नारायण तेल, बला तेल ही आपली वैद्यकीतली तेलं वनस्पतींचा काढा तिळाच्या तेलात आटवून सिद्ध केलेली असतात. ती अंगभर चोळता येतात. वाफेने काढलेलं इसेन्शियल ऑइल हा वनस्पतीचा अतितीव्र अर्क आहे. कोणी वैद्यांकडून नस्य, म्हणजे नाकात सोडायचं औषधी तेल, घेतलेलं असतं, म्हणून ते या बाटलीतला थेंबही नाकात सोडू पाहतात. कोणी जलनेतीच्या, म्हणजे नाक धुवायच्या, पाण्यात निलगिरी टाकतात. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि जसंच्या तसं नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेला भिडतं. नेतीत कोमट पाणी आणि मीठ, तिसरं काही नाही.

कोणतं तेल घ्यावं? मला विचारशील तर वाळा. उन्हाळ्यात माठातल्या पाण्यात टाकलेल्या वाळ्याचा वास आपल्यापैकी बहुतेकांच्या लहानपणात आहे, त्यामुळे मन त्याला चटकन आपलं म्हणतं. त्याच्या मुळांतून निघणारं तेल घट्ट आणि सावकाश उडणारं, म्हणून एक थेंब बराच वेळ पुरतो. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, ते अजूनही काढतात. लव्हेंडर हवंच असेल तर जम्मूकडच्या भदरवाहमध्ये आता त्याची शेती होते, तिथलं मिळतं का बघ. चंदन मी टाळते. झाडात तेलाचा गाभा धरायलाच पंधरा-वीस वर्षं लागतात आणि रानातलं चंदन आपण जवळजवळ संपवत आणलं आहे. गुलाबाचं म्हणशील, तर एक किलो तेलाला ३ ते ४ टन पाकळ्या लागतात. दोनशे रुपयांच्या बाटलीत काय असेल ते तूच ओळख. बाटली गडद काचेची असावी, वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि तारीख त्यावर असावी, आणि उघडल्यावर ती वर्षानुवर्षं वापरू नये. लव्हेंडर हवेने जुनं झालं की त्वचेला खाज आणतं.

लोक तुला विचारतील, याने काय बरं होतं? तेव्हा जपून बोल. लव्हेंडरचा चिंतेवर उपयोग दाखवणाऱ्या ज्या चांगल्या चाचण्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा जर्मनीतल्या, ८० मिलिग्रॅमच्या खास बनवलेल्या कॅप्सूलच्या आहेत. ती पोटात घ्यायची असते. तिचा निकाल वाटीतल्या बोळ्याला लावता येत नाही. वासाच्या चाचण्यांची अडचण अशी की वास लपवता येत नाही, आपल्याला खरं तेल दिलंय की खोटं हे माणसाला लगेच कळतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंशोधनाची संस्था काढली आणि नौली, उड्डियान या पोटाच्या क्रिया करताना पोटात काय घडतं हे क्ष-किरणांनी, दाब मोजून पाहिलं. आपण त्याच मातीतले शिक्षक आहोत. ‘बरं वाटतं’ असं खुशाल म्हण. ‘रोग बरा होतो’ असं म्हणू नकोस, आणि चालू गोळ्या कोणाला बंद करायला सांगू नकोस.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढव: दमा, फिट, अर्धशिशी, गरोदरपण, वासाची ॲलर्जी. गरोदर बाईला तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नकोस. घरी बोळा नेणाऱ्यांना मांजर आहे का तेही विचार. मांजराच्या यकृताला ही तेलं नीट पचवता येत नाहीत.

पहिला महिना फक्त वाळा, फक्त शवासनात, फक्त मागेल त्याला. मग मला सविस्तर लिही. ज्यांनी वाटी परत केली त्यांचं म्हणणं आधी लिही, ज्यांना आवडली त्यांचं नंतर.

कळावे,
तुझी ताई