मनू, आजीचा लाडू आणि तुझी रोजची गोळी

मनू बाळा,

परवा शाळेला निघताना तू दारातच विचारलंस, "बाबा, आजी म्हणते डिंकाचा लाडू खाल्ला की थंडीत आजारी पडत नाही, मग मला ही व्हिटॅमिन डीची गोळी कशाला? आणि गोळी घेतेच आहे तर मग लाडू कशाला?" आणि मी म्हणालो, आधी बूट घाल. दिवसभर कामात तेच डोक्यात होतं. प्रश्न खरंच चांगला होता आणि त्याचं उत्तर घाईत देऊन टाकावं असं मला वाटलं नाही, म्हणून आज बसून लिहितोय. लांबलंय जरा, कुठं अडलं तर आईला विचार.

आधी आजीचं सांगतो. तू इथं मँचेस्टरमधून तिला व्हिडिओ कॉलवर बघतेस तेव्हा ती लातूरच्या फ्लॅटमध्ये असते, पण तिचं सगळं आयुष्य औसा तालुक्यात शेतात गेलंय आणि काय कधी खायचं हे ती तिथंच शिकली. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत कधीतरी, आपल्याकडे लातूर-धाराशिवच्या बाजूला येळवस असते, कागदावर तिला वेळा अमावस्या म्हणतात. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते मोकळे पडतात, सगळी माणसं रानात, ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहानं घेऊन जातो, जिल्ह्यात स्थानिक सुट्टी पण असते. काळ्या रानात ज्वारी उभी, हरभऱ्याला घाटे धरलेले, मधे कडब्याची छोटी कोप आणि कोपीत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. मी तुझ्याएवढा असताना आंबिलीचं मडकं डोक्यावर न्यायचा मान मला मिळायचा. माय (तुझी आजी गं, मी तिला मायच म्हणतो) आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ शिजवून ताकात कालवायची, लसूण-आलं-मिरची वाटून घालायची आणि रात्रभर आंबू द्यायची. मडक्याला बाहेरून काव आणि चुन्याचे पट्टे. बांधावरून चालताना आत डुचमळायचं आणि एखादा गार थेंब मानेवरून थेट पाठीत उतरायचा, तो गारवा मला आत्ता पण आठवतो.

आणि जेवायला भज्जी. भजी नाही, भज्जी. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे हिरवे दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, जे रानात आणि बाजारात त्या आठवड्यात आलंय ते सगळं एका भांड्यात, बेसन आणि आंबील लावून शिजवलेलं. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची भाकरी, गव्हाची खीर. तुझ्या शाळेत शिकवतात ना, ताटात वेगवेगळ्या रंगाचं पाहिजे, ते हेच. मायला प्रोटीन, झिंक हे शब्द माहीत नव्हते, पण एका वाटीत पाच-सहा कडधान्यं आणि तेवढ्याच भाज्या जात होत्या, आणि आंबवल्यामुळं धान्यातलं फायटेट कमी होतं, जे लोह आणि जस्त (झिंक म्हणजे हेच) अडवून ठेवतं. म्हणजे तीच ज्वारी आंबवून खाल्ली की अंगाला जास्त लागते.

तुझं दुसरं एक होतं, आजी "बाजरी उष्ण असते" म्हणते म्हणजे काय, गरम तर ज्वारीची भाकरी पण असते. उष्ण म्हणजे थर्मामीटरचं गरम नाही बाळा. पिढ्यान्‌पिढ्या खाऊन बघितलेल्या अनुभवाची ती भाषा आहे, मी ती खोटी म्हणत नाही आणि सायन्सचा शब्द पण म्हणत नाही. पण त्यातलं मला पटणारं कारण असं की बाजरी खरिपाची, दिवाळीच्या आसपास नवी बाजरी घरात येते, तीळ पण खरिपाचेच, आणि ऊस तोडायला लागले की नवा गूळ. म्हणजे थंडी पडते तेव्हा कणगीत हेच ताजं असतं. शिवाय बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, तिच्यात तेलाचा अंश जास्त असतो त्यामुळं लवकर कडवट होतं, आणि उन्हाळ्यात तर आणखी लवकर. म्हणून आपल्या लोकांनी बाजरी थंडीत ठेवली आणि उन्हाळ्याला ज्वारी, ताक, कैरीचं पन्हं. मला हे कळलं तेव्हा मायबद्दल इतकं भरून आलं, की ती नुसती "खाय माय, अंगात ऊब राहती" म्हणायची आणि त्यामागं अख्खं शेताचं कॅलेंडर होतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. "न खाई भोगी तो सदा रोगी" असं म्हणतात आपल्याकडे. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि पावटा, हरभरा, गाजर, वांगं, शेंगा, बोरं घातलेली भाजी. ते बोर बघ फक्त. धान्यातलं लोह एकटं नीट शोषलं जात नाही, व्हिटॅमिन सी सोबत गेलं की जास्त शोषलं जातं, आणि बोरात, पेरूत, आवळ्यात, लिंबात ते असतं (शिजवल्यावर थोडं जातं, म्हणून कच्ची बोरं खिशात भरून हिंडायचो ते जास्त चांगलं). आणि जेवणावर लगेच चहा घेतला की उलटं होतं, लोह अडतं. हे मी आईला पण सांगितलंय, ती ऐकत नाही, तू सांग.

मग एवढं सगळं ताटात आहे तर गोळी कशाला, हा तुझा खरा प्रश्न.

कारण ताटात एक गोष्ट नाही, आणि ती लातुरात पण ताटातून येत नव्हती, उन्हातून येत होती. लातूर 18 अक्षांशावर आहे आणि आपलं मँचेस्टर 53 वर. इथं ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सूर्य इतका खाली असतो की कातडीत व्हिटॅमिन डी बनवणारे अतिनील किरण पुरेसे पोचतच नाहीत, मग ऊन पडलेलं दिसत असलं तरी. त्यात आपली कातडी सावळी, तिला तेवढंच डी बनवायला जास्त ऊन लागतं. आपण मासे खात नाही, अंडी कधीतरी. म्हणून इथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सगळ्यांनाच थंडीत रोज 10 मायक्रोग्रॅम, म्हणजे डबीवर 400 आययू लिहिलेलं असतं तेवढं, घ्यायचा विचार करा म्हणते आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांना वर्षभर. (लातुरात राहणाऱ्या सगळ्यांना ते भरपूर मिळतं असं पण नाही हं, दिवसभर ऑफिसात आणि घरात बसणाऱ्यांना तिथं पण कमी पडतं. माय शेतात होती म्हणून तिला विचार करावा लागला नाही.)

आणि गंमत बघ, लाडू आणि गोळी एकमेकांच्या उपयोगी आहेत. लाडवातले तीळ सालासकट असले की त्यात कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला साधारण 950 मिलिग्रॅमच्या आसपास, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळात फारच कमी राहतं, म्हणून मी ते करड्या रंगाचे गावरान तीळ शोधत हिंडतो. ते सगळं कॅल्शियम अंगाला लागतं असं नाही, पण जे लागतं त्याला आतड्यात आत घ्यायला व्हिटॅमिन डी पाहिजे. म्हणजे आजीनं कॅल्शियम पाठवलं आणि दार उघडायचं काम इथं गोळीनं केलं, तिथं ते उन्हानं केलं असतं.

पण गोळीचं एक नीट ऐक, हे मी स्वतः भोगलंय. 2020 मध्ये करोना आला तेव्हा तू लहान होतीस, मी इतका घाबरलो होतो की जिथं इम्युनिटी लिहिलेलं दिसेल ते घेऊन आलो, झिंकची बाटली वेगळी, व्हिटॅमिन सीची वेगळी, मल्टिव्हिटॅमिन वेगळं आणि वर पाण्यात विरघळणारी पावडर. आठवड्यात मळमळ सुरू झाली, तोंडात लोखंडासारखी चव, जेवण जाईना. फार्मासिस्ट बाईंनी चारही लेबलं समोर मांडून बेरीज करून दाखवली, झिंक तीन ठिकाणी होतं. त्यांनी सांगितलं की झिंक जास्त दिवस जास्त घेतलं तर अंगातलं तांबं कमी होतं. तेव्हापासून मी प्रत्येक डबीच्या मागचं वाचतो. तुझी गोळी संत्र्याच्या चवीची आहे, गोड आहे, पण ती गोळ्या-बिस्किटातली गोळी नाही. डी अंगात साठत जातं, तुझ्या वयाला दिवसाला 50 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणून डबी वरच्या फळीवर असते आणि एकच मिळते. लोहाच्या गोळ्यांना तर हात पण लावायचा नाही, लहान मुलांना त्या जास्त झाल्या तर जिवावर बेतू शकतं.

व्हिटॅमिन सीची गोळी आपण आता घेत नाही ते पण विचारशील. पुष्कळ चाचण्या एकत्र करून बघितलंय, रोज घेतली तरी सर्दी व्हायची ती होतेच, फक्त थोडी लवकर आटपते, मोठ्यांत साधारण 8 टक्के आणि मुलांत 14 टक्के, म्हणजे आठवड्याची सर्दी असेल तर तुझा जेमतेम एक दिवस वाचतो. त्यापेक्षा पेरू खा. हळदीचं दूध मात्र चालू ठेवू. वसमतची हळद आहे ती, आत्यानं डब्यात पाठवलेली. हळदीतलं करक्युमिन पोटातून फार थोडं अंगात जातं, मिरपुडीनं थोडं वाढतं, त्यामुळं ते दूध औषध आहे असं मी तुला सांगणार नाही. पण घसा शेकतो, झोप चांगली लागते, आणि झोप पुरली नाही की आजारी पडायला वेळ लागत नाही हे खरंय. आणि शाळेत नाकात फवारा मारतात ना, ती फ्लूची लस, तिचं काम लाडू पण करत नाही आणि गोळी पण नाही. ती चुकवायची नाही.

अजून एक तुला आवडेल. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट ह्या पीक संशोधन संस्थेसोबत 2018 मध्ये ज्वारीचं एक वाण आणलं, परभणी शक्ती. नेहमीच्या ज्वारीत किलोला साधारण 30 मिलिग्रॅम लोह, ह्यात 45, आणि जस्त 20 चं 32. म्हणजे वेगळी गोळी न घेता रोजच्या भाकरीतच जास्त. मला गोळीपेक्षा हा रस्ता जवळचा वाटतो, कारण गावाकडं गोळ्यांच्या डब्या महिनोन्‌महिने विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही पण भाकरी तर रोज होतेच.

येत्या भोगीला इथं बोरं मिळणार नाहीत, मी दोन दुकानं बघून आलो. पावटा फ्रोझन मिळाला, ओला हरभरा पण, गाजर-वांगी आहेतच. बोराच्या जागी शेवटी लिंबू पिळू आणि सोबत पेरूच्या फोडी. बाजरीचं पीठ मी फ्रीजमध्ये ठेवलंय, कडवट झालं नाही ना ते तू चाखून सांग. आणि तीळ भाजायचं काम तुझं. बारीक गॅसवर, हलवत राहायचं, तडतडायला लागले की लगेच खाली काढायचे, वाट बघितली तर करपतात. सकाळी दहाला आजीला कॉल लावू, तिच्याकडं तेव्हा दुपार झालेली असेल, तिला भाकरी दाखव.

तुझा,
बाबा